अश्वगंधा: संशोधन वाढलंय की नुसतं फुगलंय?

काजवा (सोमवार, रात्री ११:४०)

झोपेचं माझं जुनं दुखणं आहे. आडवी पडले की दीड-दोन तास छताकडे बघत राहणं ठरलेलं. गेले चार महिने रोज रात्री अश्वगंधेच्या अर्काची कॅप्सूल घेतेय, ६०० मिलिग्रॅमची. झोप सुधारली का? हो, सुधारलीय असं वाटतं. पण या "वाटतं"पाशीच माझं घोडं अडलंय.

रविवारी पबमेड (वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) उघडून बसले. दरवर्षी शोधनिबंधांची संख्या चढतीच आहे. मात्र दहा-बारा उघडून वाचले तर सगळ्यांचा साचा एकच: पन्नास-साठ माणसं, आठ आठवडे, आणि शेवटी "लक्षणीय सुधारणा". दुसरीकडे यकृताला इजा झाल्याचे अहवाल आणि डेन्मार्कची बंदी. एकाच मुळीबद्दल ही दोन टोकं कशी?

कुणी हे नीट वाचलंय का? "पिढ्यान्‌पिढ्या घेतात, कुणाला काही झालं नाही" आणि "सगळं थोतांड आहे" ही दोन्ही उत्तरं मला पाठ आहेत. ती सोडून बोला.

तिरकस (सोमवार, रात्री ११:४६)

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतात, कुणाला काही झालं नाही. शिवाय सगळं थोतांड आहे.

(पहिला नंबर लावला. आता जाणकारांनी बोलावं.)

प्रवाही (मंगळवार, सकाळी ७:१०)

मी तीन महिने घेतली. पहिले पंधरा दिवस झकास झोप, मग जैसे थे. बंद केली तेव्हाही काही फरक पडला नाही. वाचतोय.

साडेतीन_टक्के (मंगळवार, सकाळी ९:२५)

पोटापाण्यासाठी आकडे चिवडतो, औषधातला माणूस नाही. तरी या विषयावर मागे बरंच वाचलं होतं, म्हणून लिहितो.

सगळ्यात जास्त हवाला दिला जातो तो २०१२च्या अभ्यासाचा. ताणाखालची ६४ माणसं, मुळाचा अर्क ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ६० दिवस. रक्तातलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) जवळजवळ २८ टक्क्यांनी उतरलं. हा आकडा अर्ध्या जाहिरातींत भेटतो. पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ताणाच्या प्रश्नावलीतले गुण अश्वगंधावाल्यांचे ४४ टक्क्यांनी घटले, आणि प्लासिबोवाल्यांचे, म्हणजे खोटी गोळी घेणाऱ्यांचे, फक्त साडेपाच टक्क्यांनी.

मला खटकतो तो हा साडेपाच. ताण-झोप-चिंता या गोष्टींत खोटी गोळीसुद्धा चांगली चालते. माणसाला अभ्यासात घ्या, दर पंधरा दिवसांनी आस्थेने विचारपूस करा, तेवढ्यानेच त्याला हलकं वाटू लागतं. इथे मात्र प्लासिबो गट ढिम्म. अशा वेळी पहिली शंका येते ती ही, की आपल्याला खरी मिळालीय की खोटी हे लोकांनी ओळखलं तर नव्हतं ना? ओळखलं असेलच असं मी म्हणत नाही. पण एखाद्या अभ्यासातला फरक फारच देखणा निघाला, की मी आधी प्लासिबोच्या रकान्याकडे बघतो.

झोपेबद्दल २०२१मध्ये एक एकत्रित विश्लेषण आलं. पाच चाचण्या, मिळून ४०० माणसं. निष्कर्ष: परिणाम लहान पण लक्षणीय, निद्रानाश असलेल्यांत जास्त, ६०० मिग्रॅ किंवा वर आणि आठ आठवडे किंवा जास्त घेतल्यास जास्त. काजवाताई, तुम्ही नेमक्या या चौकटीत बसता. पण पाच गढूळ तांबे एका घागरीत ओतले म्हणून पाणी नितळ होत नाही. मूळ चाचण्या लहान असतील, त्यांतल्या बऱ्याच अर्क विकणाऱ्यांच्या पैशावर झालेल्या असतील, तर बेरजेलाही तोच वास येणार.

तिरकस (मंगळवार, सकाळी ९:४०)

घोड्याचा.

मुळाक्षर (मंगळवार, दुपारी १:०५)

मी वैद्य आहे, आधीच सांगून ठेवतो, म्हणजे "तुमचा हितसंबंध काय" हे कुणाला विचारावं लागणार नाही.

तिरकसरावांचा विनोद बरोबर आहे. ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो म्हणूनच हे नाव. चरकाने हिला बल्य आणि बृंहणीय गणांत ठेवली. म्हणजे रोडावलेल्या, थकलेल्या, झिजलेल्या माणसाला भरून काढणारी. आता गंमत बघा. धडधाकट माणूस "परफॉर्मन्स" वाढवायला रोज एक कॅप्सूल घेतो, वर्षभर, कुणाला न विचारता. याला आयुर्वेद म्हणत नाहीत. प्रकृती, अग्नी, काळ, अनुपान यांतलं काहीच त्यात नाही.

दुसरं, आयुर्वेदिक फार्माकोपियात चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. चूर्ण म्हणजे अख्खं मूळ दळलेलं. कॅप्सूलमध्ये असतो अर्क, आणि तोही कुणी पाण्यात काढलेला, कुणी अल्कोहोलमध्ये. दोन्ही डब्यांवर नाव एकच, पण आत जे येतं ते वेगळं. मुळीची चाचणी करायची तर मुळीची करा ना.

पेट्री (मंगळवार, रात्री १०:१५)

मुळाक्षर यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. बाकी मुद्द्यांवर नंतर भांडू.

मी पेशींवर काम करते. अश्वगंधेतलं विथाफेरिन-ए नावाचं संयुग आमच्या फ्रीजरमध्ये आहे. हे विथानोलाइड या कुळातलं पहिलं ओळखलं गेलेलं संयुग. १९६०च्या दशकात डेव्हिड लावी आणि सहकाऱ्यांनी इस्राएलमध्ये त्याची रचना उलगडली. आम्ही ते कशाला वापरतो? पेशी मारायला. कुपी इवलीशी, तळाशी पांढरट पूड, एवढी की श्वास जोरात सोडला तर उडून जाईल. हातमोजे घालून, श्वास रोखूनच तोलते. कर्करोगाच्या पेशींवर टाकलं की दुसऱ्या दिवशी त्या बशीच्या तळापासून सुटून गोल होऊन तरंगत असतात. फार प्रभावी चित्र दिसतं, निबंध छापून येतो, आणि मग बातमी येते: "अश्वगंधा कॅन्सरवर गुणकारी". अहो, बशीतली पेशी साबणानेही मरते.

काजवा, तुम्ही संख्या चढती आहे म्हणालात. त्या चढत्या आलेखात थर आहेत. आधी रसायनशास्त्र. मग उंदीर आणि पेशी, आणि "अ‍ॅडॅप्टोजेन" (शरीराला ताणाशी जुळवून घ्यायला मदत करणारं द्रव्य) हा शब्द. तो आपला नाही बरं का, १९४७मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ लाझारेव्ह यांनी काढला. मग २०१०नंतर प्रमाणित अर्कांच्या माणसांवरच्या लहान चाचण्या. आणि सगळ्यात वर, २०१७च्या आसपासच्या रुग्णांपासून सुरू झालेले यकृताचे अहवाल. आलेख वर जातो म्हणजे पुरावा भक्कम होतो असं नाही. पुष्कळदा तोच प्रयोग नव्या डबीवर होतो.

आता झोपेची गंमत. २०१७मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या गटाने उंदरांवर काम केलं. पानांचा विथानोलाइडयुक्त अल्कोहोली अर्क दिला, झोपेवर परिणाम शून्य. पाण्यातला अर्क दिला, उंदीर गाढ झोपले. त्यात झोप आणणारा घटक निघाला ट्रायएथिलीन ग्लायकॉल. विथानोलाइड नव्हेच! आणि डबीवर मोठ्या अक्षरांत काय छापतात? "विथानोलाइड ५ टक्के". उंदरांवरचं आहे, एकाच गटाचं आहे, हे मान्य. पण ज्याची टक्केवारी छापतोय तेच काम करतंय का, हा प्रश्न तरी पडायला हवा.

अवांतर: ती टक्केवारीही मोजण्याच्या पद्धतीवर ठरते. एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजली तर एक, नुसतं गाळून-वाळवून वजन केलं तर त्याहून फुगलेली. मोजणीची पद्धत छापलेली डबी मी क्वचित पाहिलीय.

वजनदार (बुधवार, सकाळी ६:३०)

जिममध्ये सगळे २०१५चा अभ्यास नाचवतात. ५७ तरुण, आठ आठवडे व्यायाम. अश्वगंधावाल्यांचा बेंच प्रेस ४६ किलोने वाढला, प्लासिबोवाल्यांचा २६ किलोने.

आठ आठवड्यांत ४६ किलो! मी सहा वर्षं घाम गाळतोय राव. एवढं वाढलं असतं तर आज छत उचलून धरलं असतं.

साडेतीन_टक्के (बुधवार, सकाळी ८:५०)

@वजनदार, ती मुलं व्यायामात नवखी होती. नवखा उचलतो ते वजन भराभर वाढतं, प्लासिबोचे २६ किलो त्यातलेच. तरी वरचे २० किलो मलाही पचत नाहीत.

गुंता (बुधवार, दुपारी ३:२०)

एरवी इथे फक्त वाचते. आज लिहितेच.

मागच्या वर्षी मी अश्वगंधेचा अर्क सुरू केला, ताणासाठी. ऑनलाइन मागवला होता, नाव घेत नाही. पाचव्या आठवड्यात तळहातांना खाज सुटली. पुरळ नाही, काही नाही, नुसती आतून खाज, रात्री जास्त. साबण बदलला. मग तळपायांनाही. एक दिवस मुलगा म्हणाला, "आई, तुझे डोळे असे का दिसतायत?" खिडकीपाशी आरसा नेऊन पाहिलं तर पांढऱ्याच्या जागी फिकट पिवळं. लघवी गडद होतच होती, मी समजत होते पाणी कमी पितेय.

डॉक्टरांनी विचारलं, काय औषधं चालू आहेत? मी म्हणाले, काहीच नाही. खरंच मला तसं वाटत होतं! सगळ्या कावीळी तपासून झाल्या, ए, बी, सी, ई, सोनोग्राफी, काही सापडेना. तिसऱ्या भेटीत त्यांनी प्रश्न बदलला: "औषध सोडा, रोज सकाळ-संध्याकाळ तोंडात काय काय जातं ते सांगा." तेव्हा ती डबी बाहेर आली.

बंद केल्यावर खाज जायला महिना लागला आणि रक्ताचे आकडे जागेवर यायला तीन.

पेट्री (बुधवार, दुपारी ४:०५)

गुंता, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमची गोष्ट २०२०च्या एका अहवालाशी तंतोतंत जुळते. आइसलँडमधले तीन आणि अमेरिकेतले दोन, असे पाच रुग्ण. सुरू केल्यावर २ ते १२ आठवड्यांत कावीळ आणि खाज, बंद केल्यावर चौघांचे आकडे १ ते ५ महिन्यांत पूर्ववत. पाचव्याचा पुढे पत्ता लागला नाही.

सगळेच एवढे नशीबवान नसतात. २०२३मध्ये भारतातल्या रुग्णांवर एक निबंध आला. फक्त अश्वगंधा असलेलं उत्पादन घेणारे आठ जण, त्यांपैकी पाच जणांना आधीपासून यकृताचा जुनाट आजार. तिघे दगावले. ज्यांचं यकृत आधीच दुखावलेलं आहे त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, एवढं तरी मी बेधडक सांगेन. अमेरिकेच्या लिव्हरटॉक्स या माहितीकोशात अश्वगंधेला 'बी' श्रेणी आहे, म्हणजे इजेचं कारण असण्याची बरीच शक्यता, पण क्वचित.

मुळाक्षर (बुधवार, संध्याकाळी ७:३०)

गुंताताई, तुम्ही बऱ्या झालात हे महत्त्वाचं. मी याला खोटं ठरवणार नाही. आमच्यातले काही जण असे अहवाल आले की लगेच ढाल-तलवार काढतात, ते मला पटत नाही.

एक मात्र विचारतो. त्या डबीत मूळच होतं कशावरून? पानं काढायला सोपी, मूळ खणून, धुऊन, वाळवून घ्यावं लागतं. पानांत विथाफेरिन-ए मुळापेक्षा जास्त, म्हणजे तेच ते पेट्रीताईंच्या फ्रीजरमधलं. पानं घातली की टक्केवारी आपसूक वाढते. २०२१मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं, ते उगीच नाही.

पेट्री (बुधवार, संध्याकाळी ७:५५)

शक्य आहे. पण "ती खरी अश्वगंधा नव्हतीच" हे उत्तर फार सोयीचं आहे, वैद्यबुवा. गुण आला तर मुळीचा, अपाय झाला तर भेसळीचा?

मुळाक्षर (बुधवार, रात्री ८:१०)

मान्य. टोचलं, पण मान्य.

रानवेडा (बुधवार, रात्री ९:३०)

डेन्मार्कने २०२३मध्ये बंदी घातली यातच सगळं आलं. विषच आहे ते.

स्वाभिमानी_मूळ (बुधवार, रात्री ९:४१)

डेन्मार्कला काय कळतंय! आपली विद्या बदनाम करायचा डाव आहे. हजारो वर्षं...

तिरकस (बुधवार, रात्री ९:४४)

आली, गाडी स्टेशनात आली. सर्वांनी आपापली पिढी सांभाळावी.

साडेतीन_टक्के (बुधवार, रात्री १०:२०)

दोघांनाही: त्या बंदीमागे डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठाचा २०२०चा अहवाल आहे. त्यांनी थायरॉइड आणि लैंगिक संप्रेरकांवरचे परिणाम, गर्भपाताची शक्यता मांडली आणि म्हटलं, या मात्रेखाली सुरक्षित आहे अशी रेषा आम्हाला आखता येत नाही. पूरक आहाराच्या कायद्यात रेषा आखता आली नाही की दार बंद. यात "विष आहे" असंही सिद्ध होत नाही आणि डावही दिसत नाही. त्या अहवालावर टीका झालीय, तीही वाचण्यासारखी आहे.

आणि उलट बाजूही बघा. २०२२मध्ये मानसोपचाराच्या दोन संस्थांच्या, एक जागतिक आणि एक कॅनडाची, संयुक्त गटाने चिंताविकारासाठी ३०० ते ६०० मिग्रॅ अर्काची "तात्पुरती" शिफारस केली. तात्पुरती हा शब्द त्यांचाच. जाहिरातीत तेवढाच गळतो.

मोडी_वळण (गुरुवार, सकाळी ११:००)

थायरॉइडचा विषय निघाला म्हणून. २०१८मध्ये थायरॉइड किंचित मंद असलेल्या ५० जणांना ६०० मिग्रॅ अर्क आठ आठवडे दिला, तर संप्रेरकं वाढली. चांगलंच की, असं वाटेल. पण माझी थायरॉइडची गोळी चालू आहे. मी कुणाला न सांगता वर अश्वगंधा सुरू केली आणि दीड महिन्यात हात थरथरायला लागले, बसल्या जागी छाती धडधड. तपासलं तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) तळाला, म्हणजे थायरॉइड जास्त झालेलं. डॉक्टर आधी गोळीचा डोस कमी करायला निघाल्या होत्या. मग मी कबुलीजबाब दिला.

गुंतासारखंच माझंही. औषधांच्या यादीत हे लिहायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

प्रवाही (गुरुवार, दुपारी १२:१५)

बाप रे. माझ्या वडिलांची थायरॉइडची गोळी आहे आणि त्यांना मीच दिलीय डबी. फोन करतो.

काजवा (गुरुवार, रात्री ११:५५)

सगळ्यांचे आभार. उद्या एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) आणि टीएसएच करून घेते.

आणि साडेतीन यांचा साडेपाच टक्के डोक्यातून जात नाही. नणंद माझ्याहून खोडकर आहे, तिला कामाला लावलंय. ती २० रिकाम्या कॅप्सूल भरणार: दहांत अर्क, दहांत नुसता स्टार्च. नंबर तिच्या वहीत. मी रोज रात्री एक घेणार, सकाळी लिहिणार की खरी होती की खोटी, आणि झोप लागायला किती मिनिटं लागली ते मनगटावरच्या पट्ट्यातून.

तिरकस (शुक्रवार, सकाळी ८:००)

एका घोड्यावरची चाचणी. वाट बघतोय.

काजवा (सहा आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ५:३०)

धागा वर काढतेय. दोन्ही तपासण्या नॉर्मल आल्या. आता प्रयोगाचा अहवाल.

पहिली फेरी बाद! २०पैकी १७ वेळा मी बरोबर ओळखलं. कसं? ढेकर. कॅप्सूल घेतल्यावर वीसेक मिनिटांनी एक ढेकर येते आणि तिला तो ओल्या जनावराचा वास. स्टार्चच्या रात्री ढेकर येते, पण कोरी. आधीचे चार महिने हे कधी लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीसाठी नणंदेने डोकं चालवलं. खोट्या कॅप्सूलमध्येही अर्काची चिमूट टाकली, वासापुरती. या वेळी २०पैकी ९ बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. खऱ्या रात्री झोप लागायला सरासरी ५२ मिनिटं, खोट्या रात्री ५८.

साडेतीन_टक्के (रविवार, संध्याकाळी ६:०५)

ताई, लोटांगण. ढेकरेवरून आंधळेपणा (खरी की खोटी हे न कळणं) फुटतो हे मी कुठल्याही निबंधात वाचलेलं नाही.

आधी कुरकुर करून घेतो. एकाआड एक रात्री घेतल्यावर खऱ्या रात्रीचा असर दुसऱ्या रात्रीत सांडत असेल. चिमटीचा असरही धरायला हवा. दहा-दहा रात्रींत सहा मिनिटांचा फरक नुसत्या योगायोगानेही येतो. म्हणजे अश्वगंधा चालत नाही असं यातून निघत नाही.

पण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये काय होतं? "दीड-दोन तास छताकडे". आता खोट्या गोळीवरही तासाच्या आत झोप. तुमचा प्लासिबो गट निम्म्यावर आला! आणि २०१२च्या त्या अभ्यासातला साडेपाच टक्क्यांवर बसून होता.

काजवा (रविवार, संध्याकाळी ६:२०)

अगं बाई. हे मी पाहिलंच नव्हतं. मी त्या सहा मिनिटांकडेच बघत बसले. वही ठेवायची म्हणून रोज बरोबर अकराला दिवा मालवत होते आणि फोन दुसऱ्या खोलीत होता, ते वेगळंच.

पेट्री (रविवार, संध्याकाळी ६:४०)

मग आता चालू ठेवणार की बंद?

काजवा (रविवार, संध्याकाळी ६:५२)

कॅप्सूल बंद, वही चालू.

साडेतीन_टक्के (रविवार, संध्याकाळी ७:१५)

वहीची पानं फोटो काढून टाका ना इथे. विशेषतः दुसऱ्या फेरीतली एखादी रात्र फार वेगळी आहे का ते बघायचंय. एकाच रात्रीने सरासरी हलू शकते.

काजवा (रविवार, संध्याकाळी ७:२२)

चौदावी रात्र. १४० मिनिटं. खोटी कॅप्सूल. खाली कुत्री भांडत होती.

साडेतीन_टक्के (रविवार, संध्याकाळी ७:३१)

ती रात्र काढून खोट्या रात्रींची सरासरी ४९ येते. खरीच्या ५२पेक्षाही कमी.

तिरकस (रविवार, संध्याकाळी ७:३३)

म्हणजे अभ्यास कुत्र्यांनी पुरस्कृत केला होता.